पन्हाळ्याचा दगड: गडाआधी घाट बघा

पन्हाळ्याला दगड बघायला जाणार असाल तर थेट गडावर जाऊ नका. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंधारबाव नंतरही होतं. आपला भूखंड कुठून कुठे सरकला हे ज्या काळ्या पाषाणाचं वय आणि त्यातली चुंबकी दिशा मोजून कळलं, तो पायथ्याला आणि घाटाच्या कडेला दिसतो. माथ्यावर पोचेपर्यंत त्याचा जांभा झालेला असतो, आणि जांभ्याला वय विचारून उपयोग नाही.

आम्ही दिवाळीनंतर गेलो, तुम्हीही दिवाळी ते फेब्रुवारी एवढाच काळ धरा. पावसात कातळावर शेवाळ चढतं आणि दरडींचा भरवसा नसतो; जुलै २०२१ च्या पावसात तर पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच खचला होता. एप्रिल-मेमध्ये दगड एवढा तापतो की हात लावून बघायचा उत्साह दहा मिनिटांत संपतो. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी आहे, अंतर २० किलोमीटरच्या आसपास. पण घाटात मनासारखं थांबायचं तर स्वतःची दुचाकी बरी. शिवाजी पूल, केर्ली, मग वाघबीळ. वाघबीळला चहा घ्या आणि गाडी हळू करा.

सोबत भूगर्भशास्त्र शिकलेला एक मित्र होता. त्यानं सुरुवात गडापासून लांब, एका खडीच्या खाणीपासून केली. अशा खाणीत परवानगी घेऊनच जा आणि सुरुंग किती वाजता उडवणार ते आधी विचारा. तिथं घण चालवणाऱ्या एका मामांनी दोन दगड समोर ठेवले. एकावर हातोडी मारली तर खणकन वाजला. दुसरा भद्द. "ह्यो पक्का, ह्यो कुजका. कुजका खडीला चालत न्हाई, पाव्हणं." मित्र हसायला लागला, कारण वय काढायला नमुना निवडतानाची पहिली कसोटी हीच. ताज्या फोडलेल्या कपारीवर भिंग धरलं की काळ्या-राखाडी दगडात काचेसारख्या बारीक काड्या चमकतात. ते प्लॅजिओक्लेज नावाचं खनिज. कुजक्या दगडात त्याच काड्या पांढुरक्या आणि पिठूळ होतात. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं, पण ते विसरू नका. नुसत्या डोळ्यांना दोन्ही दगड काळेच.

आता घाट. एखादी कापलेली दरड लांबून बघा, थर आपोआप वेगळे होतात. प्रत्येक थर म्हणजे लाव्हाचा एक प्रवाह: मधला भाग घट्ट, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र, आणि त्या भोकांत मागाहून भरलेले झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक. दोन प्रवाहांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाचा मातकट पट्टा दिसतो. पुढचा लाव्हा येईपर्यंत मधल्या काळात तिथं जी माती तयार झाली किंवा धूळ साठली, ती वरून आलेल्या लाव्हानं भाजली. हा तांबडा थर खाणवाल्यांच्या डोक्याला ताप, कारण तो ढासळतो आणि खडीत मिसळला तर माल परत येतो. वय काढणाऱ्यांना मात्र तो सापडला की दिवाळी.

त्याचं कारण पुढे येतं; आधी या दगडाचं वय कसं काढतात ते बघा. लाव्हा थिजताना खनिजांत थोडं पोटॅशियम अडकतं. त्यातला पोटॅशियम-४० किरणोत्सारी आहे. १२५ कोटी वर्षांत तो निम्मा उरतो, आणि जो जातो त्यातला दहाव्या हिश्शाहून थोडा जास्त आर्गॉन वायू होऊन स्फटिकात कोंडून बसतो. उकळत्या लाव्हातला आधीचा आर्गॉन उडून गेलेला असतो, म्हणून मोजणी थिजण्यापासून सुरू होते. प्रयोगशाळेत दगड फोडून, चाळून प्लॅजिओक्लेजचे कण वेचतात. मग ते अणुभट्टीत ठेवतात, म्हणजे न्यूट्रॉनच्या माऱ्यानं पोटॅशियम-३९ चा आर्गॉन-३९ होतो आणि मूळ पोटॅशियम व साठलेला आर्गॉन एकाच यंत्रात, एकाच वायूच्या रूपात मोजता येतात. आपल्याकडे आयआयटी मुंबईत ही सोय आहे. अडचण एवढीच की आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे या काळ्या पाषाणात, पोटॅशियम मुळातच कमी. त्यात दगड जरासा कुजला की आर्गॉन निसटतो आणि आकडा चुकतो. मामांचा भद्द वाजणारा दगड इथंही बाद.

युरेनियमपासून शिसं होण्यावर चालणारी मोजणी याहून काटेकोर, पण तिला जिरकॉन या खनिजाचे कण लागतात. ते ग्रॅनाइटमध्ये भरपूर, बेसाल्टमध्ये जवळपास नाहीतच. मात्र दोन प्रवाहांच्या मधल्या काळात कुठल्या तरी स्फोटक ज्वालामुखीची राख वाऱ्यानं येऊन पडली असेल, तर तिच्यातले जिरकॉन तांबड्या थरात सापडतात. भूवैज्ञानिक ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या अशा जिरकॉनवरून २०१५ मध्ये दाखवलं की दख्खनचे हे थर घालणाऱ्या लाव्हाच्या उद्रेकाचा मुख्य भर डायनासोर संपण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि साधारण साडेसात लाख वर्षं चालला. डायनासोरांचा शेवट ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा.

पण नुसत्या वयावरून भूखंड कुठे होता ते कळत नाही. त्यासाठी दगडातली दिशा लागते, आणि या सहलीतला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. लाव्हा थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइट या चुंबकी लोहखनिजाचे कण ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आले की त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा पकडून ठेवतात. विषुववृत्तावर ही दिशा जमिनीला समांतर असते, ध्रुवाकडे जाल तशी कलत जाते. ३० अंश अक्षांशावर कल साधारण ४९ अंश येतो. कोल्हापूरच्या आजच्या अक्षांशाला गणितानं ३१ च्या आसपास यायला हवा. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या शास्त्रज्ञांनी १९५६ मध्येच दख्खनच्या दगडातला कल मोजून भारत दक्षिण गोलार्धातून वर आला असं मांडलं होतं. भूखंड सरकतात हे तेव्हा बहुतेकांना पटत नव्हतं. पुढच्या मोजमापांतही त्या वेळची जागा ३० अंश दक्षिणेच्या आसपासच येत राहिली. हिशेब स्वतः करून बघा: ३० अंश दक्षिण ते १७ अंश उत्तर म्हणजे सुमारे ५,२०० किलोमीटर, ६.६ कोटी वर्षांत. सरासरी वर्षाला ८ सेंटिमीटर. उद्रेकाच्या काळातला वेग याच्या दुपटीच्या आसपास होता. आशियाला धडकल्यावर तो मंदावला.

हे घाटातच अनुभवायचं तर सुईचं साधं होकायंत्र न्या. कातळापासून दूर उभं राहून उत्तर बघा, मग ते कातळाला चिकटवा. आमची सुई सरकली, आणि पुसाटी बुरुजाकडच्या उघड्या खडकावर तर चांगलीच फिरली. माथ्यावर वीज पडून दगडाचं चुंबकत्व बिघडलेलं असू शकतं, असं मित्र म्हणाला. म्हणूनच नमुने घेणारे सूर्याच्या सावलीवरून दिशा ठरवतात आणि शक्यतो माथा टाळतात.

कोल्हापूरकरांनी मिरवावी अशी एक गोष्ट राहिली. सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांचे जे गट भूवैज्ञानिकांनी पाडलेत, त्यांच्या वरच्या टोकाला खालून वर असा क्रम आहे: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर. होय, एका गटाचं नावच पन्हाळा. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची उत्तर-दक्षिण अधूनमधून उलटते; आंबेनळीच्या दगडात ती उलटी नोंदलेली आहे, महाबळेश्वर गटात ती पालटते आणि पन्हाळा गटात सुलटी येते. तो पालट सुमारे ६.५७ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे पन्हाळा गटातला लाव्हा वाहिला तेव्हा डायनासोर संपून तीनेक लाख वर्षं उलटली होती. गडावर पोरांना डायनासोरच्या गोष्टी सांगणाऱ्या पालकांनी एवढं सांभाळावं.

लाव्हा जिथून आला ती उष्ण जागा आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. भूखंड तिच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे ज्वालामुखींची माळ राहिली. १९८७ मध्ये जहाजावरून समुद्रतळ खोदून त्या माळेतले दगड काढले. मालदीवजवळचा निघाला सुमारे ५.७ कोटी वर्षांचा, चागोसच्या उत्तरेकडचा ४.९ कोटींचा. मॉरिशसचे सर्वांत जुने दगड ९० लाखांच्या घरातले, रियुनियनचे २० लाखांचे. दक्षिणेकडे जावं तसं वय उतरतं. वय आणि अंतर दोन्ही हाती असल्यावर वेग काढायला शाळेतलं गणित पुरतं.

गडावर गेलात तर झुणका-भाकरी खा, दही मागून घ्या. कातळ फोडू नका. २०२५ पासून पन्हाळा जागतिक वारसा यादीत आहे आणि तसाही तो फोडायची जागा नाही. नमुना हवाच असेल तर खाणीतल्या ढिगाऱ्यातला विचारून घ्या. मसाई पठारावर जांभ्याचा सडा बघायला मिळतो, पण तिथं सावली नाही आणि पाणी सोबतच न्यावं लागतं. लहान मुलं असतील तर मसाई सोडा आणि जोतिबाच्या अंगाला पोहाळ्याची लेणी करा. घट्ट प्रवाहात कोरलेली आहेत, छताकडे नीट बघा.

थरांची खरी उंची बघायची तर गगनबावड्याला वेगळा दिवस द्या. तिथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात. निघण्याआधी रस्ता चालू आहे ना याची चौकशी करा, घाट अधूनमधून बंद असतात. वळणावर गाडी लावू नका, पुढची रुंद जागा बघून चालत मागे या. सकाळी कड्यावर सावली असते, दुपारनंतर पश्चिमेचं ऊन सरळ त्यावर पडतं आणि थर मोजता येतात, त्यामुळे जेवण कोल्हापुरात उरकूनच निघा.