‘मोल्सवर्थ’ या आडनावाचा माग काढताना

मराठी शब्दकोश रोज हाताळणाऱ्यांच्या तोंडी ‘मोल्सवर्थ’ हे माणसाचे नाव राहिलेले नाही, ते ग्रंथाचे नाव झाले आहे. ‘मोल्सवर्थमध्ये पाहा’, ‘मोल्सवर्थने हा अर्थ दिलेला नाही’ असे आपण सहज बोलून जातो. जेम्स थॉमस मोल्सवर्थ या ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने जॉर्ज आणि टॉमस या कँडी बंधूंच्या साहाय्याने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत छापला गेला. १८५७ साली त्याची पुष्कळ वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली आणि आज पुनर्मुद्रणांत व संगणकावर आपण पाहतो ती हीच. कोशाविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. मला मात्र त्या आडनावाचेच कुतूहल होते. हे आडनाव इंग्लंडातही विरळा आढळते. ते कुठून आले, कसे पसरले आणि त्याचे धनी कोठे कोठे राहत होते, हे घरबसल्या शोधून काढता येईल का, हे मला पाहायचे होते. आडनाव विरळा असले की शोध सोपा, असा एक समज असतो. या कामात तो टिकला नाही.

इंग्रजी आडनावाच्या बाबतीत अर्थ विचारण्याआधी त्याचा वर्ग ठरवावा लागतो. बहुतेक इंग्रजी आडनावे चार प्रकारांत बसतात: धंद्यावरून पडलेली, बापाच्या नावावरून पडलेली, रंगरूप किंवा स्वभावावरून पडलेली आणि गावावरून किंवा जागेवरून पडलेली. बटरवर्थ, डकवर्थ, एन्सवर्थ अशी ‘वर्थ’ने संपणारी आडनावे प्रायः चौथ्या प्रकारातली असतात, कारण जुन्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेले आवार किंवा वस्ती. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे एकेकाळचे प्राचार्य विल्यम वर्ड्‌सवर्थ हे त्याच नावाच्या कवीचे नातू होते आणि त्यांच्या आडनावाचे मूळही अशाच एका यॉर्कशरमधल्या ग्रामनामाकडे जाते. तेव्हा मोल्सवर्थ नावाचे गाव नकाशावर आहे का, हे आधी पाहिले. ते आहे. हंटिंगडन शहराच्या पश्चिमेला, नॉर्थॅम्प्टनशरच्या सीमेजवळ हे लहानसे खेडे असून पूर्वी ते हंटिंगडनशर परगण्यात (काउंटीत) होते व १९७४पासून केंब्रिजशरमध्ये मोडते. विल्यम द काँकररने १०८६ साली करवून घेतलेल्या ‘डूम्सडे’ पाहणीत त्याची नोंद ‘मोलेसवर्द’ अशी असून मूल नावाच्या कोणा माणसाचे आवार, असा त्याचा अर्थ ग्रामनामांचे अभ्यासक लावतात. हा मूल म्हणजे केंटमध्ये ६८७ साली जाळून मारला गेलेला वेसेक्सच्या राजघराण्यातला मूल असावा, असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. पण नावापलीकडे त्याला काही आधार नाही, म्हणून मी तो सोडून दिला.

गाव सापडले म्हणजे त्या गावात आडनाव सापडलेच पाहिजे, असे मात्र नाही. आपल्याकडचा नागपूरकर जसा नागपुराबाहेर भेटतो, तसेच इथेही आहे. ‘मोल्सवर्थचा’ ही ओळख गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसालाच चिकटते, कारण गावात सगळेच मोल्सवर्थचे असतात. इंग्लंडात अशी ओळख पिढीजात आडनावात बदलली ती मुख्यतः तेराव्या आणि चौदाव्या शतकांत, आधी जमीनदारांमध्ये आणि नंतर सामान्यांमध्ये. त्यामुळे पहिल्या एडवर्ड राजाच्या काळात वॉल्टर द मोल्सवर्थ हा बेडफर्डशर-बकिंगहॅमशरचा शेरिफ, म्हणजे परगण्यातला राजाचा अधिकारी, म्हणून दिसतो, यात आश्चर्य काही नाही. सरदारघराण्यांच्या ग्रंथांत हाच वॉल्टर १२७० साली एडवर्डबरोबर पवित्र भूमीच्या मोहिमेवर (क्रूसेडवर) गेल्याचे लिहिलेले असते. शेरिफपद हे राज्यकारभाराच्या कागदांत तपासता येते. मोहिमेची कथा कुळाच्या गौरवासाठी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. या दोन प्रकारच्या मजकुरांसाठी मी टिपणवहीत दोन वेगळे रकाने ठेवले आणि पुढच्या सगळ्या कामात त्यांचा फार उपयोग झाला.

संगणकावर नुसते आडनाव घालून शोध घेणे हा या कामातला सर्वांत निरुपयोगी भाग होता. आधी येतो तो खेड्याशेजारचा हवाई तळ. दुसऱ्या महायुद्धात तिथून अमेरिकी बाँबफेकी विमाने उडत आणि १९८०च्या दशकात क्रूझ क्षेपणास्त्रांविरुद्ध तिथे मोठी निदर्शने झाली. त्यामागून न्यूझीलंडमधले प्रचंड मोठे मोल्सवर्थ पशुपालन केंद्र, ऑस्ट्रेलियातली त्याच नावाची गावे आणि डब्लिन व वेलिंग्टन येथील मोल्सवर्थ रस्ते हजर होतात. गंमत अशी की डब्लिनचा रस्ता आयरिश संसदेच्या समोर जाऊन थांबतो आणि वेलिंग्टनच्या रस्त्यावर न्यूझीलंडची संसद आहे. हा गोंधळ दूर सारण्यासाठी प्रत्येक ठिकाणाचे नाव कोणत्या व्यक्तीवरून पडले हे पाहू लागलो, तेव्हा मात्र कुटुंबाच्या दोन शाखा आपोआप वेगळ्या झाल्या.

डब्लिनचा रस्ता ज्या घराण्याचा, त्यातला रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६–१७२५) हा इंग्लंडचा वकील म्हणून डेन्मार्कच्या दरबारी होता. तिथे राजाच्या हाती अनियंत्रित सत्ता कशी एकवटली, याविषयी त्याने १६९४ साली छापलेले पुस्तक युरोपभर वाचले गेले. १७१६ साली त्याला आयर्लंडच्या सरदारवर्गात व्हायकाउंट ही पदवी मिळाली. वेलिंग्टनचा रस्ता ज्याच्या नावाचा, तो सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५) कॉर्नवॉलमधल्या पेन्कॅरोच्या शाखेचा. त्याने हॉब्ज या तत्त्वज्ञाचे समग्र ग्रंथ संपादित केले, कैद्यांना ऑस्ट्रेलियात पाठवण्याच्या पद्धतीची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्षपद सांभाळले आणि मृत्यूपूर्वी काही महिने तो वसाहतमंत्री होता. या शाखेची बॅरोनेट ही पदवी १६८९ची असून ती प्रथम हेंडर मोल्सवर्थ याला मिळाली. तो जमैकाचा कारभार पाहत असे आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तेथील अडत्याही होता. छापील वंशावळी या दोन्ही शाखा सोळाव्या शतकातल्या नॉर्थॅम्प्टनशरमधल्या एकाच घरापर्यंत नेतात, आणि हे ठिकाण मूळ खेड्यापासून फार दूर नाही.

याच सुमारास आडनावाचे ‘अधिकृत’ कुलचिन्ह चौकटीत बसवून विकणारी एक जाहिरात सारखी समोर येऊ लागली. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे कुलचिन्ह विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वैध वंशजांना मिळते; आडनावाला कुलचिन्ह नसतेच. एखादा मोल्सवर्थ व्हायकाउंटच्या घराण्याशी नाते सिद्ध करू शकत नसेल, तर ती चौकट म्हणजे भिंतीची शोभा एवढेच.

खरे कष्ट पडले ते चर्चच्या नोंदवह्यांत. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली काढला, पण सर्वच गावांच्या वह्या तिथपासून टिकलेल्या नाहीत. जुन्या वह्यांचे अक्षर वळणदार, भाषा कधी लॅटिन, आणि सालाचा हिशेब तर आपल्याला अगदी चकवणारा. १७५२पर्यंत इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून फेब्रुवारी १६८८ असे लिहिलेले असेल तर आपल्या गणनेने ते १६८९ असते. हे ध्यानात ठेवले नाही तर लग्नाआधीच मूल झालेले दिसते. अठराव्या शतकातल्या छापील पुस्तकांत वेगळीच अडचण येते. त्या काळी शब्दाच्या मधला ‘एस’ लांब छापत आणि तो ‘एफ’सारखा दिसे, संगणकाने ती पाने वाचताना जागोजाग ‘मोलेफवर्थ’ असे नोंदवून ठेवले आहे. हे लक्षात आल्यावर मी मुद्दाम ‘एफ’ घालून शोध घेऊ लागलो आणि जे उल्लेख एरवी कधी हाती लागले नसते, ते एकामागून एक समोर आले. उलट बाजूने काळजी घ्यावी लागते ती चेशरमधल्या मोल्ड्‌सवर्थ या गावाची. त्या गावावरून पडलेले आडनाव लिहिताना एक अक्षर गळले की ते मोल्सवर्थमध्ये मिसळते. चेशर आणि आसपासच्या परगण्यांतली प्रत्येक नोंद म्हणूनच मी तीन-चार लेखनभेद घेऊन तपासली.

१ जुलै १८३७पासून इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि तिची सूची स्वयंसेवकांनी संगणकावर आणली असल्यामुळे हा टप्पा लवकर पार पडला. एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. नोंदणीचे जिल्हे परगण्यांच्या सीमा पाळत नसत. मोल्सवर्थ खेडे हंटिंगडनशरचे असूनही नोंदणीसाठी ते नॉर्थॅम्प्टनशरमधल्या थ्रॅप्स्टनला जोडलेले होते, म्हणजे परगणा निवडून शोधणाऱ्याला त्या गावातले जन्म सापडायचेच नाहीत. कॉर्नवॉलच्या शाखेतल्या काहींनी एकोणिसाव्या शतकात ‘मोल्सवर्थ-सेंट ऑबिन’ असे जोडनाव घेतले; त्यांची नावे सूचीत दोन्ही अक्षरांखाली पाहावी लागतात.

आडनावाचा भौगोलिक प्रसार पाहण्यासाठी १८८१ची जनगणना सर्वांत सोयीची आहे, कारण तिची संपूर्ण नक्कल स्वयंसेवकांनी करून ती विनामूल्य उपलब्ध केली आहे. पण नकाशावर ठिपके मोजून भागत नाही. त्या वर्षी हंटिंगडनशरची लोकसंख्या जेमतेम ६०,००० होती, तर लँकेशरची सुमारे ३४.५ लाख. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर हंटिंगडनशरमधल्या एका घराचे वजन लँकेशरमधल्या पन्नासहून अधिक घरांएवढे भरते. शिवाय आडनाव विरळा असल्यामुळे एकच घर चित्र पालटू शकते. लँकेशरमधल्या रॉचडेलचेच उदाहरण घ्या. जॉन एडवर्ड नॅसॉ मोल्सवर्थ हे १८३९पासून तिथले धर्मोपदेशक होते आणि त्यांचे पुत्र, इतिहासकार विल्यम नॅसॉ मोल्सवर्थ, १८४४ ते १८८९ जवळच्याच स्पॉटलंडचे. म्हणजे तिथला ठिपका आडनावाचे मूळ सांगत नाही, चर्चमधली नेमणूक सांगतो. स्मिथसारख्या नावात असा एखादा ठिपका बुडून जातो, इथे तो ठळक उठतो. म्हणून मी नकाशा बाजूला ठेवून प्रत्येक घराची नोंद काढली आणि कुटुंबप्रमुखाचा जन्म कोठे झाला, तो रकाना वाचला. राहण्याच्या ठिकाणापेक्षा तो एक पिढी मागे नेतो. १८५१च्या जनगणनेपासून जन्मगाव लिहीत. १८४१च्या जनगणनेत जन्मगाव नाही, त्याच परगण्यात जन्म झाला की नाही, आणि स्कॉटलंड, आयर्लंड वा परदेशात झाला का, एवढेच आहे, आणि मोठ्यांची वयेही पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत.

आयरिश शाखेसाठी हा मार्ग बंद आहे. आयर्लंडच्या १८६१ ते १८९१च्या जनगणनांचे कागद सरकारनेच नष्ट करवले आणि त्याआधीच्यांपैकी बहुतेक १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधल्या आगीत गेले. १९०१ आणि १९११ या दोन जनगणना मात्र पूर्ण वाचता येतात. त्यामागे जायचे तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला झालेली जमीन-घरांच्या भाडेमूल्याची ‘ग्रिफिथ’ पाहणी वापरावी लागते, आणि तीत घरातली माणसे नसतात, फक्त कूळ आणि मालक असतात.

सर्व मोल्सवर्थ एकाच पूर्वजाचे का, या प्रश्नाला कागद पुरे पडत नाहीत. एकाच खेड्यातून वेगवेगळ्या काळी बाहेर पडलेल्या, रक्ताचे नाते नसलेल्या माणसांनाही हेच नाव पडू शकते. लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली ४० ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांचे, बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र तपासले. स्मिथसारख्या नावांत समान वंशाचा मागमूस नव्हता, तर अ‍ॅटनबरोसारख्या विरळा नावांत बहुसंख्य पुरुष एकाच मूळ पुरुषाकडे जात होते. मोल्सवर्थला हा निष्कर्ष लावून मोकळे व्हावे इतका मी उतावीळ नाही, पण पारडे एका घराण्याकडे झुकते असे मला वाटते.

शेवटी हिंदुस्थानातले कागद. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात चर्चच्या नोंदींची तीन मालिकांत विभागणी आहे: एन/१ बंगाल, एन/२ मद्रास आणि एन/३ मुंबई. त्यांच्या प्रतिमा शुल्क भरून घरबसल्या पाहता येतात. मात्र इथे नुसत्या आडनावावर विसंबणे धोक्याचे आहे. रॉचडेलच्या त्या धर्मोपदेशकांचेच दुसरे पुत्र गिल्फर्ड मोल्सवर्थ १८७१ ते १८८९ हिंदुस्थान सरकारचे रेल्वेविषयक सल्लागार अभियंता होते आणि त्यांची अभियांत्रिकी सूत्रांची खिशातली पोथी इथल्या अभियंत्यांच्या हाती असे. विसाव्या शतकात जॉर्ज नोबल मोल्सवर्थ हिंदुस्थानी सैन्यात लेफ्टनंट जनरल झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या कागदात ‘मोल्सवर्थ’ दिसला की तो बहुधा रेल्वेचा असतो, कोशाचा नव्हे. कोशकारापर्यंत पोहोचण्यासाठी कंपनीच्या उमेदवारांचे अर्ज असलेली वेगळी मालिका आहे. त्या अर्जासोबत नेमणूक करणाऱ्या संचालकाचे नाव आणि वयाचा पुरावा म्हणून बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत जोडावी लागे, आणि त्या दाखल्यावर गावाचे नाव असते. इंग्लंडातल्या नोंदवहीकडे परत जाण्यासाठी तेवढे पुरते.