बटण खाली, मोटर चालू

आज दुपारी साडेबाराला वरुड तालुक्यातल्या एका संत्र्याच्या बागेतून फोन आला. काकू होत्या. "भाऊ, बटन खाली केलं तरी मोटर चालूच हाय. आन् डब्ब्यात निळा उजेड दिसून रायला."

मी सौर पंप बसवतो. त्या शेतात मी असं कुठलंच बटण लावलं नव्हतं. म्हटलं, "डब्ब्याले हात लावू नका, पाणी टाकू नका. पॅनलखाली कंट्रोलर हाय, त्याचं स्टॉप दाबा." त्या पळाल्या. कुत्रं भुंकलं, धाप ऐकू आली, मग "झालं बंद."

पोचलो तेव्हा गोठ्याच्या खांबावर प्लास्टिकचा डबा वितळून लोंबत होता आणि आतलं बटण, म्हणजे 32 अँपिअरचा साधा एसी (घरच्या लाइनच्या प्रवाहाचा) एमसीबी, करंट वाढला की आपोआप पडणारा, कोळसा झाला होता. हातभर अंतरावर तुरीच्या कुटाराचा ढीग. गोठ्यात गाय बांधलेली.

आंबिया बहाराचं पाणी सुरू असताना पाइपाचं कपलिंग निसटलं, म्हणून काकूंनी जवळचं बटण पाडलं. त्यात त्यांची काय चूक? बटण पाडलं की करंट थांबतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. महावितरणच्या लाइनवर ते खरंही आहे. 50 हर्ट्झचा प्रवाह सेकंदात 100 वेळा शून्यावर येतो, तेवढ्यात ठिणगी विझते. पॅनलचा डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा प्रवाह, शून्यावर येतच नाही. इथे 335 वॅटची 15 पॅनल एका रांगेत जोडलेली, भर उन्हात 570 व्होल्ट आणि पावणेनऊ अँपिअर. संपर्क उघडले, पण त्या दोन-चार मिलिमीटरच्या फटीतून आर्क, म्हणजे न विझणारी ठिणगी, जळत राहिला आणि त्याच्यातूनच करंट मिळून मोटर पाणी ओढत राहिली. स्टॉप दाबल्यावर करंट मागणारंच कोणी उरलं नाही, म्हणून तो विझला. नशीब, फक्त प्लसची वायर तोडून गोठ्यापर्यंत आणली होती. मायनसही त्याच डब्यात असती आणि दोन्ही आत जळून एकमेकांना चिकटल्या असत्या, तर स्टॉपनंही काही झालं नसतं.

हे बटण दोन महिने बिनतक्रार चाललं होतं. काका ते संध्याकाळी पाडायचे. ऊन कललेलं, करंट एखाद्या अँपिअरवर आलेला, आर्क टिकायचा नाही. भर दुपारी ते आजच पहिल्यांदा पडलं.

हे बटण लावणाऱ्या गावातल्या वायरमनला बोलावलं. पोरगा हुशार आहे, थ्री फेज मोटरीचं काम माझ्याहून चांगलं करतो. तो म्हणाला, "दादा, पॅनल नऊ अँपिअर देते, मी 32 चा लावला. अजून कितीक मोठा लावू?" मी त्याला एमसीबीवरचं 240/415 व्होल्ट आणि पुढची लाटेची खूण (~, म्हणजे एसीसाठी) दाखवली. अँपिअर पुरले, पण डीसी तोडायची ताकदच त्यात नाही. शिवाय जळतानाही करंट नऊच्या आत, मग तो ट्रिप कशाला होईल? डीसीच्या एमसीबीत आर्क ओढून विझवायची सोय असते. काहींत त्यासाठी चुंबक असतं, आणि तसला प्लस-मायनस उलटा जोडला तर तोही असाच जळतो. दुकानदारानं त्याला "सोलरले चालते" म्हणून हा एसीचाच दिला होता. असं न बघता सांगणाऱ्या दुकानदारांचा मला मनापासून राग येतो.

पण पंप बसवला त्या दिवशी काकांनी मलाच विचारलं होतं, "गोठ्यापाशी एक बटन देता का?" मी म्हणालो, सामानाच्या यादीत नाही. दिवसाला एक पंप, शेतकऱ्यासोबत फोटो, पुढचं गाव. का नाही, ते सांगायला पाच मिनिटं लागली असती. ती मी दिली नाहीत.

पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अजून पाच जागी हेच लावलं मी."

दिवस मावळेपर्यंत दोघं फिरलो. आधी स्टॉप, मग वायरीभोवती अडकवायच्या डीसीच्या क्लॅम्प मीटरवर शून्य करंट पाहायचं (साध्या क्लॅम्पला डीसी दिसतच नाही), मग वायर सोडवायची. चार काढले. पाचव्याचा मालक लग्नाला गेलाय, फोन लागत नाही, गोठ्याला कुलूप. शेजाऱ्याला सांगून आलोय, कोणालाच हात लावू देऊ नको. उद्या ऊन चढायच्या आत तिथे पोचायचं आहे.