सकाळी बाकाबाई, संध्याकाळी रघुजीराजे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी चूल उशिराच पेटते. सकाळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक, संध्याकाळी पोरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा. मधल्या वेळात वरण-भात झाला तरी खूप.

लग्न होऊन इथे आले त्या वर्षी सासूबाई मला मारबत दाखवायला घेऊन गेल्या. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ ही गर्दी. काळी आणि पिवळी, दोन्ही मारबती तिथे समोरासमोर येतात. काळी १८८१ पासून निघते, पिवळी जागनाथ बुधवारीतल्या तेली समाजाची, १८८५ पासूनची. मागे बडगे नावाचे पुतळे असतात, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांची टर उडवणारे. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत!’ अशी आरोळी उठली की कान बधिर होतात.

काळी जवळ आली तशा सासूबाईंनी आधी बोटं मोडली, दोन सणसणीत शब्द हासडले आणि लगेच पदर सावरून हात जोडले. मी बघतच राहिले. म्हटलं, "आई, शिव्या देता आन् पायाही पडता?"

"मंग? राणी होती ना बाप्पा ती!"

काळी मारबत म्हणजे बाकाबाई, असं इथे सगळेच सांगतात. दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी, इंग्रजांना मिळाली म्हणून तिचा पुतळा काढायचा आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई हरल्यावर भोसल्यांचे आप्पासाहेब गादीवरून गेले, तिथे तिसरा रघुजी हा अजाण पोर आला आणि त्याच्या नावाने बाकाबाई वाड्यात बसली. खरी सत्ता इंग्रज रेसिडेंटच्या हातात. १८५४ मध्ये राज्यही खालसा झालं. तरी १८५७ च्या धामधुमीत म्हाताऱ्या बाकाबाईने आपलं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं आणि नागपूर शांत राहिलं. पुढच्याच वर्षी ती गेली. गावाने मात्र तिला अजून सोडलेलं नाही.

मला तिची बाजू घ्यायची नाही. पण गंमत अशी की तान्हा पोळा याच दुसऱ्या रघुजीराजांनी सुरू केला म्हणतात. पोरांना खऱ्या बैलांशी खेळता येत नाही, म्हणून लाकडी बैल. म्हणजे आम्ही सकाळी बायकोला जाळतो आणि संध्याकाळी नवऱ्याने लावलेल्या सणाला पोरं नटवतो. एकाच दिवशी, त्याच गल्ल्यांतून! सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "बाईच्याच नशिबी असते हे." आणि उरलेली पुरणपोळी गरम करायला गेल्या.

ज्या वाड्यात हे जोडपं नांदलं तो काळ्या दगडाचा वाडा १८६४ मध्ये जळाला, नगारखान्याचा दरवाजा तेवढा वाचला. माझे सासरे त्या भागातून जाताना सायकलवरून उतरत. का, ते त्यांनाही सांगता येत नसे. गांधी गेटलाही ते शेवटपर्यंत जुम्मा दरवाजाच म्हणत, रिक्षावाले गोंधळायचे.

आमचा बैल त्यांच्याच लहानपणचा. सागवानी, हातभर लांब, चार चाकांवर उभा. डावं शिंग कधीतरी मोडलं, ते फेव्हिकॉलने चिकटवलंय आणि वर बेगड लावली की कळत नाही. यंदा पुतण्याने झूल घातली, गळ्यात घुंगरू बांधलं, आणि कोपऱ्यावर जाईपर्यंत मागचं चाक निखळलं. तीन चाकांचा बैल तोरणाखाली उभा राहिला. बक्षीस अर्थातच शेजारच्या थर्माकोलच्या नंदीला मिळालं. त्याला दिवे होते.

मग पोरं बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, मागायला दारोदार निघाली. सासूबाई ओट्यावर बटवा घेऊन बसलेल्या. थर्माकोलवाल्याला पाच रुपये, लाकडी बैलवाल्याला दहा. थर्माकोलवाला कुरकुरला, तर म्हणाल्या, "पुढच्या साली लाकडाचा आण, मंग देते."