आमची वाटचाल : वजनाच्या खिडक्या

नाशिकमधल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘जुन्या लाकडी खिडक्या दुरुस्त करून मिळतील’ एवढीच ओळ आहे आणि १९९९ सालापासून ती पाटी आम्ही एकदाच बदलली, तीही पहिली गोदावरीच्या पुरात वाहून गेली म्हणून. नव्या खिडक्या आम्ही करत नाही. हे ऐकून निम्मे लोक पायरीवरूनच परत फिरतात आणि त्यांना थांबवण्याचा प्रयत्न मी आता सोडून दिला आहे. उरलेल्या निम्म्यांच्या जिवावर हे काम कसे चालले आणि मध्यंतरी ते बंद पडण्याच्या बेतात कसे आले, हे एकदा नीट लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते. आमच्याविषयी एका गृहस्थांनी बाजारात निराळीच हकिगत पसरवली आहे, हेही त्यामागचे एक कारण आहे.

मी मूळचा सुतार नाही. सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होतो आणि माझे भागीदार, ज्यांना मी अजूनही मिस्त्रीच म्हणतो, तिथल्या फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने, बनवत होते. पॅटर्न करणाऱ्याचा हात घरबांधणीच्या सुतारापेक्षा वेगळा घडलेला असतो, कारण पॅटर्नमध्ये झालेली चूक पुढे ओतल्या जाणाऱ्या प्रत्येक नगात उतरते आणि तिला लांबी (पुट्टी) भरून झाकता येत नाही. फाउंड्रीचे काम आटले तेव्हा आम्ही दोघे एकाच महिन्यात घरी बसलो. मिस्त्रींकडे दोन रंधे, पटाश्यांचा एक जुना संच, गुण्या आणि गिरमिट होते, तर माझ्याकडे एक स्कूटर आणि हिशेब ठेवण्याची सवय होती. सराफ बाजाराच्या मागच्या उतारावर एक गाळा भाड्याने मिळाला आणि तिवंधा, रविवार कारंजा या भागातील वाड्यांची कामे येऊ लागली. माडीवरच्या खिडकीचा सैल झालेला गज, निखळलेले बिजागर, पावसाने खालून कुजलेली झडप अशी ती कामे होती. पोट भरत होते, परंतु नाव होण्यासारखे त्यात काही नव्हते.

वर-खाली सरकणाऱ्या, म्हणजे आम्ही ज्यांना वजनाच्या खिडक्या म्हणतो, त्यांच्याशी आमची गाठ २००१ साली देवळाली कॅम्पात पडली. अशा खिडकीत काचेचे प्रत्येक सरकते तावदान, म्हणजे सॅश, पुलीवरून गेलेल्या दोरीने चौकटीच्या पोकळ बाजूंत लपलेल्या वजनांना टांगलेले असते आणि ती वजने त्याला तोलून धरतात. लॅम रोडच्या बाजूला एका पारशी बाईंचा जुना बंगला आहे आणि त्यात अशा बावीस खिडक्या आहेत. बाईंनी त्यापूर्वी तीन सुतार बोलावले होते. त्यांपैकी एकाने वरच्या सॅशला खिळे ठोकून ती कायमची बंद केली होती आणि दुसऱ्याने खालची सॅश उघडी राहावी म्हणून तिच्याखाली विटकर लावून दिली होती. मिस्त्रींनी काही न बोलता आतली बिडिंग पट्टी सोडवली, चौकटीच्या उभ्या फळीवर बोटे फिरवत रंगाखाली दडलेली झाकणाची रेघ शोधली आणि पातळ पटाशीने ते झाकण अलगद उचलले. आतून चिमणीच्या घरट्याचे गवत, तुटलेल्या सुती दोरीचे दोन तुकडे आणि बिडाचे एक लांबट वजन बाहेर आले. त्या वजनावर ओतकामाचा शिक्का नव्हता, पण खडूने काढलेली आकड्याची खूण अजून पुसट दिसत होती. मिस्त्री ते तळहातावर घेऊन बराच वेळ बसले. इतकी वर्षे फाउंड्रीत काढल्यावर त्यांना बीड कुठे भेटावे तर खिडकीच्या पोटात, याचे त्यांना फार हसू आले होते. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘‘मिस्त्री, ही खिडकी माझे पप्पा एका बोटाने उघडत होते. तुम्ही पण तशीच करून द्या.’’

ते एक बोट हीच आमच्या कामाची कसोटी होऊन बसली. सॅश काचेसकट ताणकाट्याला टांगायची, तिचे वजन लिहून घ्यायचे आणि दोन्ही बाजूंची वजने मिळून तेवढीच भरतात का ते पाहायचे. वरच्या सॅशसाठी वजने किंचित जड हवीत म्हणजे ती वरच राहते, आणि खालच्या सॅशसाठी किंचित हलकी हवीत म्हणजे ती उंबऱ्यावर घट्ट बसते. बाईंच्या बंगल्यातील नऊ वजने पूर्वीच कोणी तरी भंगारात विकली होती. मिस्त्रींनी त्यांचे पॅटर्न स्वतः केले. त्यासाठी ते फाउंड्रीतील आपली जुनी फूटपट्टी वापरत. त्या पट्टीवरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा इंचाचा आठवा भाग मोठा असतो, कारण बीड थंड होताना तितके आकसते. दीड इंच जाडीचे आणि सोळा इंच लांबीचे गोल वजन साधारण सव्वातीन किलो भरते आणि उरलेला फरक लांबी कमी-जास्त करून साधतो. ओतकाम त्यांच्या एका जुन्या सोबत्याने करून दिले. काम पुरे झाल्यावर प्रत्येक झाकणाच्या आतल्या अंगाला मिस्त्री पेन्सिलीने तारीख, सॅशचे वजन आणि काचेची जाडी लिहीत. ही सवय पुढे आमच्या उपयोगी पडेल असे तेव्हा वाटले नव्हते.

यानंतरची दहा-बारा वर्षे बरी गेली. गाळ्यावर तीन मुले कामाला ठेवली, गाळा विकत घेतला आणि देवळाली कॅम्प व नाशिकरोड भागातील अनेक जुने बंगले आमच्याकडे आले.

आता त्या गृहस्थांविषयी. ते आमचे काचवाले होते. मापे आम्ही द्यायची, त्यांनी काच कापून परस्पर गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायची, अशी आमची पद्धत होती आणि त्यामुळे आमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा पत्ता त्यांच्या वहीत आपोआप जमा होत गेला. पुढे त्यांनी ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांचा धंदा सुरू केला, याला माझी हरकत नव्हती. धंदा ज्याचा त्याने करावा. परंतु २०१३ साली आम्हीच दुरुस्त केलेल्या एका बंगल्यात त्यांच्या माणसाने आम्हाला न विचारता तीन मिलिमीटरच्या काचा काढून पाच मिलिमीटरच्या बसवल्या. तीन फूट बाय दोन फूट मापाच्या तीन मिलिमीटर काचेचे वजन सव्वाचार किलोच्या आत असते आणि पाच मिलिमीटरची काच जवळजवळ सात किलो भरते. म्हणजे प्रत्येक सॅश जवळजवळ पावणेतीन किलोंनी जड झाली आणि आतली वजने होती तेवढीच राहिली. सॅश वर राहीनात, दोऱ्या काचू लागल्या आणि एक सॅश घरातल्या नोकराच्या हातावर आदळली. सुदैवाने हाड मोडले नाही. तरीही त्या घरी सांगितले गेले ते असे, की लाकडी खिडक्या आता या वयात भरवशाच्या नसतात आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी त्या आधीच काढून टाकायला सांगायला हव्या होत्या. आम्ही ताणकाटा घेऊन गेलो, तेव्हा दारातच आम्हाला नको म्हणून सांगण्यात आले.

जे लोक स्वतःच्या घरी हे काम करून घेणार असतील त्यांना एवढेच सांगतो की काच बदलली की वजन बदलावे लागते. दोरी विणलेली सुतीच घ्यावी आणि बसवण्याआधी एक रात्र वजन लावून ताणून ठेवावी. नायलॉनची गाठ सुटते आणि दोरी लांबत राहते. ऑगस्टमध्ये खिडकी अडकते म्हणून तिला रंधा मारू नये. लाकूड पावसाळ्यात आडवे फुगते आणि माघात पुन्हा आकसते, म्हणजे तेव्हा तासलेली खिडकी हिवाळ्यात खडखडू लागते. उंबऱ्याच्या खालच्या बाजूला पाणी तोडणारी एक खाच असते. रंगारी ती दरवेळी रंगाने बुजवतात आणि मग दोष लाकडाला देतात. जुना रंग कोरडा खरवडू नये, त्यात शिसे असू शकते. तो पाणी मारून ओला करूनच काढावा.

२ ऑगस्ट २०१६ रोजी पूर आला. नाशिकमध्ये पुराचे मोजमाप गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून होते आणि पाणी त्याच्या कमरेला लागले की आमच्या उतारावरची दुकाने सामान उचलायला लागतात. त्या मंगळवारी आम्हीही उचलू लागलो, परंतु मारुती पाहता पाहता पाण्याखाली गेला आणि आम्हाला दीड तासही मिळाला नाही. गाळ्यात गिऱ्हाइकांच्या एकतीस सॅश होत्या. त्यातल्या अठरा माळ्यावर चढवल्या आणि तेरा खाली राहिल्या. पाणी ओसरल्यावर दार उघडले तेव्हा गुडघाभर गाळ होता, त्यात रंध्याचे मशीन आडवे पडले होते आणि मिस्त्रींची लाकडी पेटी उलटी तरंगत जाऊन कोपऱ्यात रुतली होती. पटाश्या मिळाल्या. ती फूटपट्टी मात्र मिळाली नाही. जुन्या सागाचे म्हणाल तर त्याला काही झाले नाही. आम्ही तेराही सॅश नळाखाली धुतल्या, खाचांमधला गाळ दाभणाने काढला आणि मध्ये पट्ट्या ठेवून सावलीत महिनाभर वाळवल्या. उन्हात ठेवा असा सल्ला अनेकांनी दिला होता आणि तो ऐकला असता तर सगळ्या वाकड्या झाल्या असत्या. तेरापैकी एकच नव्याने करावी लागली, कारण तिच्यात पूर्वी कोणी तरी प्लायवूडचा तुकडा घातला होता.

लाकूड वाचले, पण पैसे वाचले नाहीत. मशीन, मोटर, काचा आणि वायरिंग यांत शिल्लक संपली. दिवाळीच्या कामांच्या पैशांवर भागेल असे वाटत असताना ८ नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या. आमचा निम्म्याहून अधिक व्यवहार रोखीचा होता आणि गिऱ्हाइकांकडे द्यायला चालणारी नोट नव्हती. तिघांपैकी दोन मुलांना मी घरी पाठवले. मिस्त्रींनी दोन महिने काही घेतले नाही, आणि मीही त्यांना घ्या म्हटले नाही, याची आजही खंत वाटते. याच काळात काचवाले गृहस्थ आमच्या गिऱ्हाइकांकडे जाऊन ‘त्यांचे दुकान वाहून गेले, आता ते उघडणार नाहीत’ असे सांगत होते, हे मला पुढे चार वेगवेगळ्या घरांतून कळले.

कॅम्पातल्या बाईंनाही तसेच सांगितले गेले होते. त्यांनी फोन न करता रिक्षा केली आणि त्या सरळ गाळ्यावर आल्या. मिस्त्री तेव्हा दगडावर पटाशी घासत होते. बाई म्हणाल्या, ‘‘दुकान उघडे आहे ना? मग बास. माझ्याकडे नोटा नाहीत, चेकबुक आहे.’’ काम आठ खिडक्यांचे निघाले होते, परंतु त्यांनी बावीस खिडक्यांच्या तीन वर्षांच्या देखभालीचा चेक तिथेच लिहिला. त्यांच्याकडे कच्ची पावती चालत नाही, म्हणून मी त्या दिवशी पहिल्यांदा छापील बिलबुक आणले. दुकान त्या चेकवर उभे राहिले. पुढची तीन वर्षे आम्ही दर मे महिन्यात जाऊन पुल्यांना तेल, उंबऱ्यांना बेलतेल (उकळलेले जवसाचे तेल) आणि लांबीला हात फिरवून आलो. बाई प्रत्येक खिडकी स्वतः एका बोटाने उघडून पाहिल्याशिवाय चहा देत नसत.

आता शेवटची गोष्ट. २०११ साली आम्ही एका संस्थेच्या बंगल्यातील चौदा वजनाच्या खिडक्या पूर्ण केल्या होत्या. २०१७ च्या उन्हाळ्यात, आम्ही अजून सावरत असताना, त्या सगळ्या काढून तिथे ॲल्युमिनियम बसवले गेले. खिडक्या आतून सडल्या आहेत, असा अहवाल संस्थेच्या समितीपुढे ठेवण्यात आला होता आणि ॲल्युमिनियमचे काम करणाऱ्याने जुने लाकूड ‘काढून नेण्याच्या’ अटीवर फुकट नेले होते. जूनमध्ये जुन्या सागाच्या शोधात मी एका वखारीत गेलो असताना तिथे चौकटींचा ढीग दिसला. मी सहज एका फळीतले झाकण उचलले. आत मिस्त्रींच्या अक्षरात तारीख, सॅशचे वजन आणि ‘काच ३’ असे लिहिलेले होते. मी बारा झाकणे उघडली. लाकूड कोरडे होते, सांध्यांतले कुसू घट्ट होते आणि पटाशी टोचली तर टोक आत जात नव्हते. वखारवाल्याने घनफुटाचा भाव सांगितला. आपणच राखलेला साग आपणच विकत घेताना तो भाव मोजणे मला फार जड गेले. तरी चार चौकटी मी घेतल्या. त्यातले एक झाकण घेऊन मी समितीच्या एका सभासदांना भेटलो. त्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि ठराव झालेला आहे, असे म्हणून परत दिले.

मिस्त्रींच्या डोळ्यांनी २०२१ पासून साथ सोडली आहे. ते बुधवारी बाजारासाठी येतात तेव्हा गाळ्यावर बसतात आणि मुलांच्या रंध्याच्या आवाजावरून पाते बोथट झाले आहे की नाही ते सांगतात. चारपैकी दोन चौकटी गाळ्याच्या गल्लीकडच्या भिंतीत बसवल्या आहेत. गिऱ्हाईक आले की मी काही बोलत नाही, त्यांना एका बोटाने खिडकी उचलायला लावतो. तीन मिलिमीटरची काच कडा न फुटता कापून देणारे दुसरे कोणी जवळपास नसल्यामुळे काच मात्र अजून त्याच गृहस्थांकडून घ्यावी लागते. मापे आम्ही चिठ्ठीवर देतो, पैसे ऑनलाइन पाठवतो आणि काच आमचाच मुलगा रिक्षात मांडीवर धरून आणतो. पत्ता देत नाही.