हरिहरच्या पायथ्याला हॅमॉकमध्ये दोन रात्री, आणि पोटऱ्यांची कहाणी

हरिहर गड याआधी दोनदा झाला होता. या वेळी निमित्त गडाचं कमी आणि नव्या हॅमॉकचं जास्त. जानेवारीतला शुक्रवार, मी आणि मावसभाऊ. नाशिकहून दुपारी बाइकवर निघालो, त्र्यंबकला चहा घेतला आणि उजेड असतानाच निरगुडपाड्यात पोचलो. ओळखीच्या एका घरामागे आंब्याची चार जुनी झाडं आहेत. त्या घरच्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "बांधा की, झाडं कुठं पळून चाललीत?"

हॅमॉक म्हणजे दोन झाडांमध्ये पट्ट्यांनी टांगायची झोळी, दोन्ही टोकांना चुण्या घालून आवळलेलं नायलॉनचं कापड. लांबी ३ मीटर. माझी उंची ५ फूट ११ इंच, भाऊ ५ फूट ४ इंच. हे आकडे पुढे कामाला येतील.

मी मोठ्या हौसेने हॅमॉक खेचून खेचून सरळ केला. खाटेसारखा सपाट दिसला पाहिजे ना! जेवायला हाक मारायला आलेल्या मावशी बघतच राहिल्या. "हे काय, कपडे वाळत घालायचेत? पोराची झोळी कशी खोल बांधतेत. एवढी ताणल्यावर पोर झोपंल का?" आम्ही हसलो आणि नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी खायला आत गेलो. त्याच वेळी उठून पट्टे सैल केले असते तर पुढचं रामायण टळलं असतं.

रात्री अकराच्या सुमाराला गुडघ्यांनी तक्रार सुरू केली. मी दोन झाडांच्या रेषेत सरळ झोपलो होतो, त्यामुळे अंगाचं केळं झालेलं. ढुंगण खाली, डोकं वर, टाचाही वर. टाचा टेकलेल्या आणि गुडघ्याखाली काहीच नाही, म्हणजे गुडघा रात्रभर उलट्या बाजूला दाबला जातो. दहा मिनिटं काहीच जाणवत नाही. तासाभराने मात्र गुडघ्यामागची शीर ओढल्यासारखी दुखायला लागते.

मग आठवलं की तिरकं झोपायचं असतं. डोकं डावीकडे, पाय उजवीकडे सरकवले. पाठ लगेच सपाट झाली, गुडघेही सुटले. पण आता दुसरीच पंचाईत. आवळलेल्या टोकाकडून कमरेपर्यंत कापडाची एक ताठ वळी उभी राहिली, शेताच्या बांधासारखी, आणि ती नेमकी माझ्या पोटऱ्यांखालून आडवी जात होती. पाय त्या बांधावर टांगल्यासारखे. पहाटे दोनला उजव्या पावलाला मुंग्या आल्या. चारला मी उतरून शेकोटीच्या राखेजवळ जाऊन बसलो. भाऊ तसल्याच दुसऱ्या हॅमॉकमध्ये सहापर्यंत घोरत होता. उंची कमी असली की त्या वळीला जाऊन भिडायला पाय पुरतच नाहीत.

सकाळी तेच पाय घेऊन हरिहर. ज्यांनी तो चढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. शेवटच्या टप्प्यात जवळजवळ उभ्या कातळातल्या पायऱ्या, हात घालायला त्यांत कोरलेल्या खोबण्या, आणि उतरताना तोंड कातळाकडे करून एकेक पाय खाली टाकायचा. सगळा भार पोटऱ्यांवर. वर पोचल्यावर भावाने वैतरणेच्या पाण्याचे फोटो काढले आणि मी बसून पाय चोळले. गर्दी नको असेल तर शनिवार-रविवारी उजाडतानाच पायऱ्यांपाशी पोचा. आठनंतर तिथे रांग लागते आणि त्या रांगेत मागे सरकायला जागा नसते.

दुपारी खाली येऊन झोप काढायच्या ऐवजी पट्ट्यांशी झटापट केली. सुरुवात मावशींच्या बोलण्यापासून. पट्टा आडव्या रेषेशी साधारण ३० अंशांचा कोन करून खाली आला पाहिजे. मापायला काही लागत नाही. अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणायची, तर्जनी आडवी धरायची. तिच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत जी तिरकी रेघ कल्पनेत दिसते, तेवढा उतार पट्ट्याला हवा. ३० अंशांना प्रत्येक पट्ट्यावर जवळपास माणसाच्या वजनाइतकाच ताण येतो. १५ अंशांना तोच ताण जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे आदल्या रात्री मी स्वतःचे पाय आणि मावशींचा आंबा, दोघांनाही छळत होतो. कापड खोल लोंबलं की बाजूचं कापड मोकळं होतं आणि तिरकं व्हायला जागा मिळते. ताणलेल्या हॅमॉकमध्ये कितीही तिरके व्हा, तो तुम्हाला परत मधे आणून टाकतो.

दर वेळी हे मोजायचा कंटाळा असेल तर दोन्ही टोकांमध्ये वरून एक न ताणणारी दोरी कायमची बांधून टाका. तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या साधारण ८३ टक्के, म्हणजे ३ मीटरला अडीच मीटर. मग झाडं जवळ असोत की लांब, झोळ तेवढाच राहतो. आम्ही बाइकला सामान बांधायची दोरी वापरली.

पण खरा फरक पडला तो पायाकडचा पट्टा वीतभर वर सरकवल्यावर. ऐकायला उलटं वाटतं, पाय दुखतायत तर ते खाली हवेत असं कुणीही म्हणेल. मीही म्हणालो होतो. पण दोन्ही टोकं सारख्या उंचीवर असली की झोपेत अंग हळूहळू पायाकडे घसरतं आणि पाय त्या आवळलेल्या टोकात, वळीच्या सगळ्यात ताठ भागावर जाऊन अडकतात. पायाकडची बाजू वर केली की अंग डोक्याकडच्या बाजूला टिकून राहतं. झोपताना आधी ढुंगण डोक्याकडे थोडं सरकवून घ्या, मग पाय बाजूला न्या. डोकं डावीकडे जमत नसेल तर उजवीकडे करून बघा. दोन्ही सारखं लागत नाही.

एवढं करूनही माझ्या उंचीला वळी थोडी लागतच होती. शेवटी जाकीट गुंडाळून गुडघ्यांखाली ठेवलं. गुडघा जरासा दुमडला आणि पोटऱ्या बांधावरून सुटल्या. गुंडाळी पोटरीखाली नको, गुडघ्याखालीच हवी, नाहीतर दाब फक्त जागा बदलतो. जाकीट रात्री घसरतं म्हणून ते झोपायच्या पिशवीच्या आत ठेवलं. पाठीखाली योगा मॅटही होती. ती खरं तर थंडीसाठी. जानेवारीत नाशिककडे पारा एक आकडी होतो आणि हॅमॉकमध्ये गारवा खालून येतो, पांघरुणं कितीही घ्या. पण मॅट पायांपर्यंत लांब असेल तर वळीची धारही बोथट होते.

त्या रात्री दहाला झोपलो ते पाच वाजता कोंबड्यानेच उठवलं.

आता तुम्ही जाणार असाल तर. साडेपाच फुटांच्या वरच्या माणसाने ३ मीटरचा हॅमॉक घेऊ नये, ३.३ मीटरच्या पुढचा बघावा. दुकानात 'दोन माणसांचा' म्हणून जो विकतात तो बहुधा फक्त रुंद असतो, लांबी तेवढीच. लेबल वाचा. मी वाचलं नव्हतं. झाडाला दोरी थेट बांधू नका, साल कापते. निदान इंचभर रुंद पॉलिस्टरचे पट्टे घ्या. नायलॉनचे रात्रीत ताणतात आणि पहाटे तुम्ही जमिनीला टेकता. झाडं चार-पाच मीटर अंतरावरची निवडा, पट्टा डोक्याइतक्या उंचीवर. तुम्ही बसल्यावर हॅमॉक खुर्चीइतका वर राहिला की पुरे. बांधण्याआधी मान वर करून मोहोळ आहे का बघा, वाळक्या फांद्याही. आंब्यावर मुंगळे असतातच. आणि झाड कुणाचं आहे ते विचारा, जंगलातलं असेल तर वनखात्याला.

घरी आधी गच्चीवर किंवा बागेत एक अख्खी रात्र झोपून बघा. दुकानात पाच मिनिटं पडून काहीच कळत नाही. मुंग्या आल्या तर लगेच उतरून चार पावलं चाला. उतरल्यावरही बधिरपणा जात नसेल किंवा एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर तो हॅमॉकचा विषय नाही, डॉक्टरकडे जा.

निघताना मावशी विचारत होत्या, ती झोळी कितीला पडते. किंमत सांगितल्यावर म्हणाल्या, "जुन्या लुगड्यात झालं असतं."