तुम्ही विचारलेत म्हणून: हुशार मुलांनी थांबून राहायचे का?

गुणांनुसार तुकड्या पाडण्याला माझा विरोध आहे हे कळले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग हुशार मुलांनी इतरांसाठी थांबून राहायचे का? मुळीच नाही. आधीच येत असलेले पुन्हा ऐकत बसलेले मूल मी रोज पाहतो आणि तो त्याच्यावर अन्यायच आहे. तरीही माझा विरोध कायम आहे.

मी गणित शिकवतो. शेवटच्या तुकडीतली एक मुलगी अपूर्णांकांची बेरीज करण्याआधी वहीत पट्ट्या आखून उत्तराचा अंदाज बांधायची आणि तो सहसा बरोबर निघायचा. तिला वरच्या तुकडीत घ्यावे म्हणून मी हट्ट धरला, परवानगी मिळाली. पण तिथे बीजगणित बरेच पुढे गेले होते आणि आमच्या तुकडीला ते झेपणार नाही म्हणून वगळलेले होते. फळ्यावर ३क्ष + ५ = २० असे लिहिले होते. क्ष म्हणजे काय, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तिने ते अक्षर सोडून दिले, ३ आणि ५ मिळवले, ८ = २० असे लिहिले आणि खोडले. सत्र संपण्याआधीच तिला परत पाठवण्यात आले आणि तिची कुवत कमी पडली अशी नोंद झाली. कमी पडला होता तो न शिकवलेला धडा. पुढे तिने पट्ट्या आखणेही सोडले. मी विचारले तेव्हा म्हणाली, "सर, सगळे करतात तसेच करते."

केनियातल्या १२१ प्राथमिक शाळांमधल्या प्रयोगाचा दाखला मला हमखास दिला जातो, आणि तो झटकून टाकता येत नाही: पहिलीच्या मुलांचे गुणांनुसार दोन वर्ग केले, तेव्हा दोन्हीकडची मुले पुढे गेली. पूर्वी मी यावर फिनलंडचे नाव घेत असे, कारण तिथे १९८५ मध्ये असे स्तर बंद झाले. पण एका देशाच्या शाळांच्या यशामागे अनेक कारणे असतात, त्यामुळे आता तेवढ्यावर माझे समाधान होत नाही. शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेची रीत मला पटते: दिवसातला थोडा वेळ पातळीनुसार गट, आणि मूल पुढे सरकले की गटही बदलतो. असे गट मीही करतो. मात्र भरगच्च वर्गात एकट्या शिक्षकाने ते रोज कसे निभवावे याचे पुरते उत्तर माझ्याकडे नाही, आणि तोवर धीर धरा असे कंटाळलेल्या मुलाच्या आईवडिलांना मी सांगू शकत नाही.