क्रेट आधी, तिकीट मागाहून

बदली झाली की आधी माणसांची तिकिटं निघतात, मग सामान हलवणाऱ्यांना फोन होतो, मग गॅसच्या कार्डाची आठवण येते, आणि शेवटच्या आठवड्यात सोफ्यावर पसरलेल्या वाघ्याकडे कुणाचं तरी लक्ष जातं. ‘अरे, याचं काय?’ वाघ्या विमानानं जाणार असेल तर हा क्रम बरोबर उलटा हवा. भारतातल्या सगळ्याच विमान कंपन्या प्राणी घेत नाहीत. एअर इंडिया आणि आकासा घेतात, पण एका विमानात किती प्राणी यालाही मर्यादा असते. म्हणून आधी फोन करून त्याची जागा आहे का ते विचारायचं आणि मग आपलं तिकीट काढायचं. आपण कुठल्याही विमानात मावतो, तो मावत नाही.

केबिनमध्ये, म्हणजे आपल्या पायाशी, फक्त लहान जीव जातात. वजनाची मर्यादा पिशवीसकट असते, हे काउंटरवरच्या काट्यापाशी पोहोचेपर्यंत अनेकांच्या लक्षात येत नाही. साडेसहा किलोंचा बोका आणि दीड किलोची पिशवी म्हणजे आठ किलो झाले. पिशवी मऊ कापडाची घ्यावी, पुढच्या सीटखाली सरकवताना ती थोडी दबते. कडक प्लास्टिकची तिथेच अडते. बाकी सगळे, म्हणजे लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड आणि अंगापिंडानं भरलेले आपले गावठी, विमानाच्या पोटातून जातात. त्या पोटाबद्दल लोकांच्या मनात उगाच धास्ती असते. प्राण्यांना ठेवतात त्या कप्प्यात हवेचा दाब केबिनइतकाच असतो आणि तापमानही राखलेलं असतं. खरा त्रास जमिनीवर होतो. मे महिन्यात नागपूरच्या धावपट्टीशेजारी ट्रॉलीवर उभा असलेला क्रेट, म्हणजे प्राण्याचा प्रवासाचा पिंजरा, वीस मिनिटांत तापतो. उन्हाळ्यात पहाटेचं किंवा रात्रीचं विमान निवडावं आणि शक्यतो थेट जाणारं. मधे विमान बदललं की ती ट्रॉली दोनदा उन्हात उभी राहते.

क्रेट दुकानात स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत मिळतो आणि दुकानदार वजनावरून सांगतो. ते ऐकू नये, टेप घ्यावी. कुत्रा सरळ उभा करून चार मापं घ्यायची: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उंची, खांद्यांची रुंदी आणि डोक्यापर्यंतची पूर्ण उंची. कान उभे असतील तर कानाच्या टोकापर्यंत मोजायचं. गावठी कुत्र्यांच्या बाबतीत इथेच चार-पाच सेंटिमीटर चुकतात. आयाटाचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा, हिशेब असा: क्रेटची लांबी म्हणजे कुत्र्याची लांबी अधिक कोपराच्या उंचीचा निम्मा, रुंदी म्हणजे खांद्याच्या दुप्पट, उंची म्हणजे पूर्ण उंची अधिक आतल्या गादीची जाडी. समजा कुत्रा ७० सेंटिमीटर लांब आहे, कोपर ३० वर, खांदे २० आणि कानापर्यंत ६२. तर आतून किमान ८५ लांब, ४० रुंद आणि तीन सेंटिमीटरची गादी धरून ६५ उंच क्रेट लागेल. आतून म्हणजे आतूनच. डब्यावर छापलेली मापं बहुधा बाहेरची असतात.

क्रेटचे दोन अर्धे जोडायला दुकानात प्लास्टिकच्या क्लिपा येतात. त्या काढून धातूचे नट-बोल्ट बसवावेत, कारण घाबरलेला कुत्रा कोपऱ्यात पाठ लावून रेटतो आणि क्लिप सुटते. चाकं असतील तर काढून ठेवायची. हवेसाठी चारही बाजूंना झरोके हवेत. पाण्याचं भांडं दाराला आतून अडकवलेलं, पण दार न उघडता बाहेरून भरता येईल असं असावं. त्यात आदल्या रात्री पाणी गोठवून ठेवलं तर उचलाउचलीत सांडत नाही, पुढे हळूहळू वितळत राहतं. खाली शोषून घेणारा पॅड आणि वर घरात कुणी वापरलेला, न धुतलेला टीशर्ट. धुतला तर त्याचा उपयोग गेला.

या सगळ्या तयारीत प्राण्यासाठी म्हणून असते ती एकच गोष्ट, क्रेटची सवय. बाकीचं माणसांचं आणि कचेऱ्यांचं समाधान. सवयीला सहा आठवडे तरी धरावेत. पहिल्या आठवड्यात दार काढूनच ठेवायचं, क्रेट बैठकीच्या खोलीत, येता-जाता नाक खुपसता येईल असा. जेवणाचं ताट आधी दाराशी, मग आत, मग अगदी मागच्या भिंतीला. आपण ढकलायचं नाही. तो स्वतः आत जाऊन झोपला की अर्धं काम झालं. मग दार बसवून ते काही सेकंद लावायचं, मग मिनिटभर, मग जेवण होईतो. तो रडायला लागला तर गप्प होण्याचा एखादा क्षण पकडून त्याच क्षणी उघडायचं. रडताना उघडलं की रडल्यानं दार उघडतं हे तो एका दुपारीत शिकतो. पुढे दार लावलेला क्रेट दोघांनी उचलून खोलीभर फिरवायचा, शेजारी मिक्सर चालवायचा, गाडीत ठेवून गावाबाहेर चक्कर मारायची. बहुतेक घरांत पिशवी किंवा क्रेट माळ्यावरून उतरतो तो फक्त डॉक्टरांकडे जाताना. मग मांजर त्याची झिप वाजताच पलंगाखाली गेलं तर त्यात मांजराचं काय चुकलं?

‘डॉक्टर, झोपेची गोळी द्या ना’ हा हमखास येणारा प्रश्न. देऊ नये. गुंगीच्या औषधांनी रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळता येत नाही आणि हिंदकळल्यावर तोल सावरता येत नाही, आणि क्रेटमध्ये ते बघायला जवळ कुणी नसतं. गुंगीतला प्राणी विमान कंपनी काउंटरवरूनच परत पाठवू शकते. पग, बुलडॉग, शित्झू आणि पर्शियन मांजरं यांची तर जास्तच काळजी. कुत्रा धापा टाकून, जीभ आणि नाकातून वाफ घालवून थंड होतो. चपट्या नाकाच्यांना ती वाटच अरुंद. बऱ्याच कंपन्या त्यांना पोटातून नेत नाहीत, आणि नेलं तरी क्रेट दहा टक्के मोठा मागतात. पग घेताना हे कुणी सांगत नाही.

परदेशी जायचं तर कागदांपेक्षा कागदांचा क्रम महत्त्वाचा. आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची चिप, १५ अंकी आयएसओ जातीची, मगच रेबीजची लस. लस आधी टोचलेली असेल तर ती युरोप धरतच नाही, पुन्हा पहिल्यापासून. लसीनंतर ३० दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं, त्यात लसीनं तयार झालेल्या प्रतिपिंडांचा आकडा ०.५ (आययू प्रति मिलिलिटर) किंवा जास्त यायला हवा, आणि रक्त काढलेल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. म्हणजे जर्मनीला नोकरी लागली तर कालनिर्णयवर मागे चार महिने मोजत जायचं. पुढचा बूस्टर एक दिवस जरी चुकला तरी रक्ततपासणी वाया. ब्रिटनला जाणाऱ्या कुत्र्याला शिवाय पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांत फीतकृमीचं औषध डॉक्टरांकडून द्यावं लागतं. लवकर दिलं तरी चूक, उशिरा दिलं तरी चूक. अमेरिकेनं १ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांखालचं कुत्रं बंदच केलं. भारतात लस घेतलेल्या कुत्र्याला तिथे ठरावीक विमानतळांवरच उतरता येतं आणि तिथल्या प्राणी केंद्रात आधी जागा राखावी लागते. ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट नेताच येत नाही. निघण्याच्या तोंडावर सरकारी क्वारंटाइन कचेरीचा दाखला लागतो. महाराष्ट्रात ही कचेरी मुंबईत आहे, तेव्हा कोल्हापूरच्या कुत्र्याचा पहिला प्रवास रस्त्यानं होतो. चिपचा आकडा सगळ्या कागदांवर एकेक अंक ताडून बघावा. एक अंक चुकला तर कागद दुसऱ्याच कुत्र्याचा ठरतो.

निघायच्या दिवशी हातावर दही ठेवायची आपली पद्धत कुत्र्यापुरती मोडावी. हलकं जेवण उड्डाणाच्या पाच-सहा तास आधी, त्यानंतर फक्त पाणी, आणि विमानतळावर शिरण्यापूर्वी मोठी चक्कर. सुरक्षा तपासणीत पिशवी एक्स-रेमधून जाते, प्राणी आपल्या हातात राहतो. मांजराला हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, आधी घालून ठेवलेला नसेल तर ते त्या रांगेतून कुठल्याही खांबावर जाऊ शकतं.

उतरल्यावर कुत्रा सामानाच्या पट्ट्यावर येत नाही. कुठे हाताने आणून देतात, कुठे दूरच्या कार्गो टर्मिनलवर जावं लागतं, ते निघतानाच विचारून घ्यावं. आणि क्रेट हाती आला की पार्किंगमध्ये दार उघडायचं नाही, तो कितीही केविलवाणं बघत असला तरी. इतके तास कोंडलेला जीव अनोळखी आवाजात पहिली उडी पळण्यासाठीच घेतो. काचा बंद केलेल्या गाडीत किंवा खोलीत, दार बोटभर किलकिलं करून आधी हात आत घालायचा, पट्टा अडकवायचा, तो ओढून पाहायचा. मग पूर्ण उघडायचं.